गावात दगड, घरात घडी घातलेला तिरंगा

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ लागतं, आणि ते कौतुकाने चिकटवलेलं टोपणनाव नाही, कागदोपत्रीही गाव ‘अपशिंगे मिलिटरी’च आहे. पिढ्यानपिढ्या घराघरातून फौजेत भरती होणारं हे गाव. पहिल्या महायुद्धात इथले ४६ जण गेले ते परत आले नाहीत, त्यांचं स्मारक गावात आहे. महाराष्ट्रात अशी गावं आणखीही आहेत. कुठे शाळेच्या भिंतीत इंग्रजी अक्षरांची संगमरवरी पाटी बसवलेली असते. कुठे मारुतीच्या देवळाशेजारी शेंदूर फासलेला, लढणाऱ्या माणसांची चित्रं कोरलेला दगड असतो. फाट्यावर अलीकडच्या काळातला वर्दीतला पुतळा असतो, आणि त्याच गावात एखाद्या घरी काचेच्या चौकटीत घडी घातलेला तिरंगा असतो.

जवानाचं पार्थिव गावी आल्याची बातमी येते तेव्हा आपल्याला यातला शेवटचा भाग तेवढा दिसतो. फुलांनी सजवलेली गाडी, हवेत झाडलेल्या फैरी, वीरपत्नीच्या हातात दिलेला झेंडा. त्या रात्री गावात चूल पेटत नाही. मग प्रश्न सुरू होतात. झेंडा घरच्यांनाच का देतात? ‘शहीद’ म्हणायचं की नाही? पुतळ्याला परवानगी लागते का? जुन्या दगडांचा याच्याशी काही संबंध आहे का?

संबंध आहे. तो समजायला एक साधी किल्ली पुरते: लढाईवरून घरी काय परत आलं, त्यावर गावात काय उभं राहतं ते ठरतं. कधी माणूस शिवेवरच पडला, कधी नुसता आकडा आला, कधी पार्थिव आलं. प्रत्येक वेळी आठवणीचा आकार बदलला.

वीरगळ कसा वाचायचा

वीरगळ म्हणजे लढताना मेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ उभा केलेला दगड. कन्नडमध्ये दगडाला ‘कल्लु’ म्हणतात, तिथल्या ‘वीरगल्लु’चा मराठीत वीरगळ झाला. आपल्याकडचे बरेचसे शिलाहार आणि यादवांच्या काळातले, म्हणजे साधारण सात-आठशे ते हजार वर्षांपूर्वीचे आहेत. वाईजवळ किकलीला भैरवनाथाच्या देवळाच्या आवारात ते ओळीने पाहायला मिळतात.

हा दगड खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत लढाई असते. तिथे गाईगुरं कोरलेली असतील तर गावाचं गोधन पळवणाऱ्यांशी लढताना हा माणूस गेला असं समजायचं. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला हाताला धरून स्वर्गात नेतात. त्याच्यावर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला असतो. सगळ्यात वर कलश आणि चंद्र-सूर्य, म्हणजे चंद्र-सूर्य असेतो ही आठवण राहो. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला जे वीरगळ आहेत त्यांवर वल्ह्यांची गलबतं कोरली आहेत. तिथे लढाई पाण्यावर झाली होती, म्हणून.

महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर नाव नसतं. आपल्याला हे चमत्कारिक वाटतं, पण त्या गावाला नाव लिहून ठेवायची गरज नव्हती. कोण, कधी, कुठल्या ओढ्याच्या काठी पडला हे सगळ्यांना ठाऊक होतं. माणूस शिवेवर मेला आणि दगडही तिथेच जवळपास उभा राहिला. घटना, माणूस आणि स्मारक हे सगळं एका हाकेच्या अंतरात होतं. पुढे ओळख पुसली गेली, दगडाला शेंदूर लागला आणि त्याचा देव झाला. काही ठिकाणी तर तो पालथा पडून धुणं धुवायच्या कामी आला.

याचंच घरातलं रूप म्हणजे टाक, देवघरातला धातूचा उठावदार पत्रा. कुलदैवतांचे टाक असतात तसे घराण्यातल्या वीराचेही असतात. नाशिकला धुळवडीच्या दिवशी वीरांची मिरवणूक निघते. घरोघरचे टाक वाजतगाजत गोदावरीवर नेतात, त्यांना स्नान घालतात आणि परत देवघरात ठेवतात. वीराचं नाव बहुतेकांना सांगता येत नाही, पण धुळवडीला त्याला गंगेवर नेण्यात खंड पडत नाही.

टायग्रिसकाठी राहिलेली माणसं

पहिल्या महायुद्धाने हे सगळं अंतर मोडलं. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडची पोरं मराठा पलटणींतून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेली. टायग्रिस नदीवर कूत-अल-अमारा नावाचं गाव आहे. तिथे डिसेंबर १९१५ पासून तुर्की फौजेने ब्रिटिश-हिंदी सैन्याला वेढा घातला. त्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. दाणागोटा संपला, घोडे-खेचरं कापून खायची वेळ आली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसं शरण गेली. त्यातली कित्येक कैदेत आणि वाळवंटातल्या पायपिटीत मेली.

त्यांचा देह यायचा प्रश्नच नव्हता. अस्थी नाहीत, राख नाही, घाटावर करायचे विधी करायला हातात काही नाही. युद्धानंतर सरकारने भरती झालेल्या गावांत पाट्या बसवल्या. मजकूर ठरलेला असे: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके लोक गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. पाटीवर बहुधा फक्त आकडे. आपल्याला हा कोरडेपणा टोचतो आणि टोचायलाच हवा, कारण परदेशातल्या मोठ्या स्मारकांवरही हाच भेद होता. बसरा स्मारकाच्या भिंतींवर ब्रिटिश शिपायांची नावं कोरली आणि हिंदी शिपायांची फक्त संख्या. त्यांची नावं वेगळ्या नोंदवहीत गेली. युद्धातल्या कबरी-स्मारकांची देखभाल करणाऱ्या कॉमनवेल्थ आयोगाने २०२१ मध्ये अहवाल काढून या विषमतेची कबुली दिली आणि माफी मागितली. शंभर वर्षं उशिरा.

घरी मात्र एक वस्तू आली होती. महायुद्धात मेलेल्या प्रत्येक सैनिकाच्या वारसाला ब्रिटिश सरकार एक काशाची गोल तबकडी पाठवत असे. साधारण १२ सेंटिमीटर व्यासाची, म्हणजे आपल्या छोट्या ताटलीएवढी. तिच्यावर ब्रिटानिया देवी, सिंह, ‘स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी मेला’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ आणि एका चौकोनात मृताचं नाव. हुद्दा मुद्दाम लिहीत नसत, शिपाई आणि जनरल एका मापाचे दिसावेत म्हणून. इंग्लंडात लोक तिला कडवटपणे ‘मेलेल्याचा पेनी’ म्हणत. तशीच तबकडी हिंदी कुटुंबांनाही मिळाली. गावच्या पाटीने ज्याला आकडा केलं, त्याचं नाव ह्या तबकडीवर होतं. ज्या घरात देवघरात टाक असतो त्या घरात अशी तबकडी आली तर ती कुठे ठेवली जाईल, हे वेगळं सांगायला नको.

१९९९ मध्ये काय बदललं

स्वातंत्र्यानंतरही बराच काळ देह घरी येत नसे. १९६२, १९६५, १९७१ च्या युद्धांत बहुतेक जवानांचे अंत्यसंस्कार आघाडीजवळच होत. घरी तार यायची, मागाहून सामानाची ट्रंक. ९ डिसेंबर १९७१ रोजी ‘खुकरी’ युद्धनौका १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिकांसह समुद्रात बुडाली. तिच्यासाठी दीवच्या किनाऱ्यावर टेकाडावर काचेच्या घरात नौकेची प्रतिकृती ठेवली आहे, समुद्राकडे तोंड करून. देह नाही, थडगं नाही, मग जहाजच स्मारक झालं.

कारगिलच्या वेळी पार्थिवं मोठ्या प्रमाणावर थेट गावी पाठवायला सुरुवात झाली. विमानाने जवळच्या शहरापर्यंत, तिथून लष्करी गाडीने गावात. टीव्हीही तेव्हा घरोघरी पोहोचला होता. आज आपल्याला जे दृश्य ‘परंपरा’ वाटतं, ते या स्वरूपात पंचवीस-सत्तावीस वर्षांचंच आहे.

याचा परिणाम गावच्या स्मारकांवर लगेच दिसतो. आकड्यांची पाटी गेली आणि एका माणसाचं स्मारक आलं. जिथे अग्नी दिला तिथे चौथरा बांधतात, त्यावर अर्धपुतळा, खाली नाव, पलटण, जन्म आणि वीरमरणाची तारीख, मोहिमेचं ठिकाण. शाळेला, फाट्याला, वाचनालयाला नाव देतात. पुण्यतिथीला सैन्यातून सुट्टीवर आलेले गावचे जवान वर्दी चढवून उभे राहतात. गंमत अशी की गाव न कळत वीरगळाकडेच परत आलं आहे: पुन्हा एक माणूस, त्याची एक जागा आणि वर्षातला एक दिवस. फरक इतकाच की आता नाव कोरलेलं आहे.

पेटीवरचा तिरंगा

झेंड्याबद्दल गैरसमज सर्वांत जास्त आहेत, म्हणून इथे जरा थांबू.

भारताची ध्वजसंहिता २००२ सालची आहे. राष्ट्रध्वज कसा वापरायचा याचे ते नियम आहेत. एरवी तिरंगा अंगावर किंवा वस्तूवर पांघरणं हा अपमान मानला जातो आणि १९७१ च्या कायद्याने तो गुन्हा आहे. शासकीय, लष्करी किंवा निमलष्करी अंत्यसंस्कार हा त्याला ठरवून दिलेला अपवाद. केशरी पट्टा डोक्याकडे ठेवायचा. आणि ध्वज कबरीत उतरवायचा नाही, चितेत जाळायचा नाही.

अग्नी देण्याआधी ध्वज काढून घ्यावाच लागतो. त्याची घडी घालतात आणि लष्करी अधिकारी ती वारसाच्या हातात देतो. चितेवरून राख आणि अस्थी हाती येतात, त्याही नदीत सोडायच्या असतात. देहाला शेवटपर्यंत लागून असलेली आणि घरात कायम ठेवता येणारी वस्तू उरते ती हा ध्वजच. ज्यांच्याकडे दफन नाही त्यांना थडग्याशी जाऊन बसता येत नाही. माझ्या मते ते काम या घडीने उचललं आहे. सासुरवाशीण माहेरहून आणलेली एखादी साडी आईच्या माघारी कपाटात तशीच ठेवते, कधी नेसत नाही, कधी टाकत नाही. तसाच हा ध्वज. फरक एवढाच की आठवणीसाठी त्यावर नाव-तारीख लिहायची नाही. राष्ट्रध्वजावर कुठलीही अक्षरं लिहिणं नियमात बसत नाही. लिहायचंच तर चौकटीवर किंवा खालच्या पाटीवर लिहावं.

दुसरा एक झेंडा यात मिसळतो. ७ डिसेंबरला शाळेत छातीला टाचणीने लावतात तो लाल, गडद निळा आणि फिकट निळा कागदी झेंडा. तिन्ही दलांचे हे तीन रंग. १९४९ पासून हा सशस्त्र सेना ध्वजदिन आहे, आणि त्यातून जमणारा निधी वीरपत्नी, माजी सैनिक आणि त्यांच्या मुलांसाठी वापरला जातो. लहानपणी आपण दोन रुपये देऊन तो लावला आणि संध्याकाळी दप्तरात चुरगळून टाकला, हे बहुतेकांच्या बाबतीत खरं असेल.

‘पण ते तर इंग्रजांसाठी लढले ना?’

हा आक्षेप नेहमी येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. कूतला मेलेला शिपाई साम्राज्याच्या पगारावर होता. पण स्मारक कुणी बांधलं आणि त्याच्याशी नातं कुणी जोडलं, या दोन वेगळ्या गोष्टी असतात. भीमा कोरेगावचा स्तंभ हे याचं सर्वांत ठळक उदाहरण. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कंपनी सरकारने तो स्वतःच्या विजयाची खूण म्हणून उभारला. त्यावर मृत शिपायांची नावं कोरली, त्यांत शेवटी ‘नाक’ लागणारी नावं आहेत. ती महार सैनिकांची. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले आणि स्तंभाचा अर्थ फिरला. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं त्यांची नावं दगडावर सन्मानाने कोरलेली आहेत, हे वाचायला आज लाखो लोक तिथे येतात. कंपनी गेली, पेशवाई गेली, पण नावं उरली आणि त्यांना वारस मिळाले. मेसोपोटेमियाच्या पाट्यांवर नावंच नव्हती, त्यामुळे तिथे कुणाला वारसा सांगायला जागाच राहिली नाही. दगडावर नाव असण्याचं मोल हे असं कळतं.

दुसरं उदाहरण रायगड जिल्ह्यातलं. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला. ते सोडून सगळे मेले किंवा जखमी झाले. त्यांनी एकट्याने धावून जाऊन हातबॉम्ब टाकला, गन बंद पाडली, गोळ्या भरायला वेळ नव्हता म्हणून बंदुकीच्या दस्त्याने उरलेल्यांना मारलं आणि मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर सापडलेली नाही, नाव इटलीतल्याच कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर आहे. माणगावात त्यांचा पुतळा आहे, आणि २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावातल्या लोकांनी त्यांच्या नावाने एक छायाघड्याळ उभारलं. ज्या परक्या गावासाठी हा पोरगा मेला, त्या गावालाही काहीतरी करावंसं वाटलं, तेही जवळपास ऐंशी वर्षांनी.

‘शहीद’, ‘हुतात्मा’ की ‘वीरमरण’?

सरकारने संसदेत सांगितलं आहे की ‘शहीद’ असा अधिकृत दर्जा लष्करात नाही. लष्कराच्या भाषेत दोन प्रकार येतात. ‘बॅटल कॅज्युअल्टी’ म्हणजे शत्रूशी किंवा दहशतवाद्यांशी लढताना आणि ठरवून दिलेल्या मोहिमांत झालेली हानी. ‘फिजिकल कॅज्युअल्टी’ म्हणजे आजार, एरवीचा अपघात वगैरे. कुटुंबाला मिळणारे लाभ या वर्गवारीवर अवलंबून असतात, म्हणून हा नुसता शब्दांचा वाद राहत नाही. दिल्लीचं राष्ट्रीय युद्धस्मारक २५ फेब्रुवारी २०१९ ला खुलं झालं. तिथे स्वातंत्र्यानंतरच्या मोहिमांत कामी आलेल्यांची सुमारे २६ हजार नावं कोरली आहेत, आणि कुणाचं नाव तिथे जायचं हे अशाच नोंदींवर ठरतं.

गाव मात्र ही वर्गवारी पाळत नाही. रजेवर येताना गाडीला अपघात होऊन गेलेला जवानही गावाच्या लेखी आपलाच असतो, आणि त्याच्याही फोटोला हार पडतो. इथे गाव चुकतंय असं मला वाटत नाही. मराठीत ‘हुतात्मा’ म्हटलं की आधी स्वातंत्र्यलढा आणि संयुक्त महाराष्ट्र आठवतो, ‘वीरमरण’ हा लढताना आलेल्या मृत्यूचा शब्द, आणि ‘शहीद’ सगळ्यांच्या तोंडी रुळलेला. बोलताना कुठलाही वापरावा. लाभासाठी अर्ज करताना मात्र कागदावर वर्गवारी काय लिहिली आहे ते आधी पाहावं.

‘पुतळ्यावर एवढा खर्च कशाला? घरच्यांना द्या’

रास्त प्रश्न. आईवडिलांना पेन्शनच्या कागदांसाठी खेटे घालावे लागत असतील आणि इकडे चौथऱ्याला ग्रॅनाइट लागत असेल, तर चीड यायलाच हवी. पण कुटुंबांशी बोललं की अनेकदा त्यांनाच स्मारक हवं असतं. पेन्शन घरापुरती असते. स्मारकामुळे गावाला रोज येता-जाता त्यांचा मुलगा दिसतो. पुण्यात घोरपडीला दक्षिण कमांडचं युद्धस्मारक आहे, ते नागरिकांच्या वर्गणीतून उभं राहिलं आणि १९९८ मध्ये खुलं झालं. दहा-वीस रुपये दिलेल्या माणसालाही ते आपलं वाटतं.

खर्चापेक्षा अडचणीचा ठरतो तो नियम. पुतळ्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक रस्त्यांवर, पदपथांवर नवे पुतळे बसवायला मनाई केली आहे. भावनेच्या भरात चौकात चौथरा बांधायचा आणि वर्षभराने रस्ता रुंद करताना तो हलवायचा, यात त्या कुटुंबाचे हाल होतात. शाळेचं आवार किंवा ग्रामपंचायतीची जागा बरी. २०२३ च्या ‘माझी माती माझा देश’ मोहिमेत गावोगावी शिलाफलक बसवले, ते याच प्रकारचे.

पदक एक, घरं दोन

अलीकडचा सर्वांत नाजूक वाद वस्तूंचा आहे. मरणोत्तर पदक, ध्वज, टोपी कुणाकडे राहावी? सैन्यात ‘नेक्स्ट ऑफ किन’ अशी नोंद असते, म्हणजे सर्वांत जवळचा वारस. लग्नाआधी आई किंवा वडील, लग्नानंतर साधारणपणे पत्नी. तरुण विधवा पुढे माहेरी गेली किंवा तिने दुसरं लग्न केलं, तर वस्तू तिच्याबरोबर जातात आणि आईवडिलांच्या भिंतीवर फोटो तेवढा उरतो. २०२४ मध्ये यावरून देशभर चर्चा झाली. दोन्ही बाजूंनी बोलणारे पुष्कळ होते, आणि त्यात सुनेला बोल लावणारे जरा जास्तच. तिचा नवराही गेलेलाच असतो, हे त्यांना आठवलं नाही. काही घरांनी यावर आपापली वाट काढली आहे. पदक एकीकडे आणि ध्वज दुसरीकडे, किंवा दोन्ही गावच्या स्मारकाच्या खोलीत कुलपाच्या कपाटात.

तुमच्या गावचा दगड

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. स्वातंत्र्यदिनाच्या आधी साफसफाई निघते आणि उत्साहात जुन्या पाटीवर, वीरगळावर ऑइलपेंटचा हात फिरतो. तो फिरवू देऊ नका. कोरीव अक्षरांच्या खोबणीत रंग भरला की ती वाचता येत नाहीत, आणि खरवडून काढताना दगडच सोलला जातो. कोरडं मऊ फडकं पुरे. अक्षरं झिजलेली असतील तर भर दुपारी फोटो काढून काही दिसणार नाही. सकाळी लवकर किंवा सूर्य मावळायच्या आत जा, ऊन तिरकं पडलेलं असतं. तेव्हा बाजूने फोटो काढा. सावल्या खोबणीत भरतात आणि दुपारी कोरी दिसलेली पाटी वाचता येते. पाटीवर नुसता आकडाच असेल, समजा बारा, तर तो घेऊन गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडे जा. बारापैकी दोन-तीन जणांची घरं तो अजून सांगू शकेल.